दुसऱ्याचं भांडण

कालिंदीअक्का गावात आली ती दोन फ्लेक्सच्या मधून. दूध संस्थेच्या फाटकाच्या डाव्या अंगाला सुंदररावांनी लावलेला फ्लेक्स होता आणि उजव्या अंगाला उत्तरेश्वरने लावलेला. दोन्ही आष्टीच्या एकाच दुकानात छापलेले. दोन्हींवर अक्काचा तोच पासपोर्टचा फोटो, आणि दोन्हींत तिचं डोकं कुणा दणकट पुरुषाच्या लष्करी गणवेशावर नेऊन बसवलेलं. डावीकडे ती मेजर होती. उजवीकडे, धाकट्याने थोरल्यावर कडी करायची म्हणून, थेट जनरल. खाली शुभेच्छुकांच्या गर्दीत डावीकडे उत्तरेश्वरचं नाव नव्हतं आणि उजवीकडे सुंदररावांचं.

अक्काने जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. सव्वीस वर्षं तिने दिल्लीत कर्नल-ब्रिगेडियरांना आणि मंत्रालयांतल्या बड्या अधिकाऱ्यांना राष्ट्रीय सुरक्षा शिकवली, संरक्षण धोरण ठरवणाऱ्या समित्यांसाठी टिपणं लिहिली, आणि या साठीला निवृत्त झाली. पण धोरण म्हणजे काय हे सांगत बसायला गावात कुणाला वेळ होता? गावाच्या लेखी ती मिलिटरीतली बाई होती आणि तिच्या पर्समध्ये पिस्तूल असतं यावर निम्म्या गावाचा विश्वास होता. फ्लेक्स बघून अक्का आधी पोट धरून हसली. मग तिने शुभेच्छुकांची नावं वाचली आणि तिचं हसू ओसरलं. कागद हातात आला की त्यावर कुणाचं नाव नाही ते आधी बघा, असं ती वर्गात पहिल्याच दिवशी सांगत असे.

दोघा भावांचं बिनसलंय हे तिला फोनवर कळलं होतं. इतकं बिनसलंय हे फाटकाने सांगितलं.

प्रकरण असं होतं. दोन वर्षं पाऊस नाही, विहिरींचा तळ उघडा पडलेला, आणि गावाबाहेर माळावर चारा छावणीत सहाशे जनावरं. मार्चमध्ये छावणीचा पाण्याचा टँकर चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी दुपारी संस्थेचा चेअरमन, म्हणजे उत्तरेश्वर, कुणालाही न विचारता संस्थेचा दुधाचा टँकर घेऊन नगरच्या बाजूच्या एका विहिरीवर गेला आणि दोन खेपा पाणी आणून त्याने जनावरं पाजली. टँकर त्याने स्वतः आत उतरून धुतला. पण दुधाचं भांडं ते, त्याला गढूळ पाणी खपत नाही. दुसऱ्या दिवशी गावाचं सगळं दूध नासलं, तालुक्याच्या संघाने ते परत पाठवलं आणि अकरा दिवस संकलन बंद ठेवलं. सुंदररावांनी सायकलला दोन कॅन बांधून ही संस्था सुरू केली त्याला एकतीस वर्षं झाली होती. एकतीस वर्षांत एक दिवस काटा बंद पडला नव्हता.

आज अकरा वाजता विशेष सभा होती. उत्तरेश्वरला खुर्चीवरून काढण्याचा ठराव सुंदरराव स्वतः मांडणार होते. ठराव झाला तर बायकोपोरं घेऊन परळीला मेव्हण्याकडे निघून जाईन, तिथल्या वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकवर बसेन, पण या गावात तोंड दाखवणार नाही, असं उत्तरेश्वरने सांगून ठेवलं होतं. आणि तो बोलल्यासारखं करणारा माणूस होता. अक्काचा सत्कार याच सभेत ठेवला होता, म्हणजे माणसंही जमतील आणि तिचा शब्दही पडेल.

सुंदररावांनी तिला चहाही पुरता पिऊ दिला नाही. पडवीत खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले आणि हळू आवाजात मुद्द्यावर आले. सत्काराच्या भाषणात तिने शिस्तीवर चार वाक्यं बोलावीत, नाव कुणाचं घेऊ नये, पण ज्याला कळायचं त्याला कळेल असं बोलावं. सुंदररावांना बहिणीचा अभिमान होता, खरा, छाती भरून यावा असा. आष्टीच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की तिसऱ्या वाक्याला ते दिल्लीला पोचत. असल्या बहिणीचा शब्द आपल्या बाजूने पडावा असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय, असं त्यांचं त्यांना वाटत होतं.

ते उठून बैल बघायला गेले तेवढ्यात मागच्या दाराने उत्तरेश्वर आला. त्यालाही चार वाक्यं हवी होती. त्याची माणुसकीवर होती.

अक्का दोघांनाही हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. हे ती दिल्लीत शिकली असं लोक समजत. विमलबाईला मात्र माहीत होतं की ही सवय या घरातलीच आहे.

विमलबाई सुंदररावांची बायको. चूल तिची, गोठा तिचा, आणि पहाटे लॅक्टोमीटरवर दुधाची डिग्री बघायला संस्थेत पहिली पोचणारीही तीच. सासूला, भिवराबाईंना, जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोन भावांच्या मधे बसून दोघांना एका पंगतीला आणायचं काम तिच्याकडे आपसूक आलं होतं. गेले वीस दिवस ते तिला जमलं नव्हतं. दोघं वेगवेगळ्या वेळेला जेवत आणि ती दोनदा भाकरी टाकत असे. आज तिने सकाळीच सगळ्या भाकरी एकदम थापल्या, टोपल्यात रचल्या, वर फडकं टाकलं आणि टोपलं मांडीशी घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. दोघांना तिने निरोप धाडून बोलावून घेतलं.

सुंदररावांनी सवयीने ताट पुढे ओढलं. विमलबाईने फडकं उचललं नाही.

“आधी एकमेकांचं भांडण भांडा,” ती म्हणाली. “मंग भाकर.”

हे वाक्य या घरात बारा वर्षं कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

ते भिवराबाईंचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला जायचं. कालिंदी तेव्हा एकोणीस वर्षांची, नगरच्या कॉलेजातून परत बोलावलेली. सुंदर सतराचा, उत्तरेश्वर अकराचा. घरात चपलांचा एकच जोड होता आणि तापल्या खडीवर तो कुणाच्या पायात जायचा यावरून दोघं रोज भांडत. भिवराबाईंनी कधी निवाडा दिला नाही. त्या भाकरी झाकून बसायच्या. सुंदरने उत्तरेश्वर होऊन बोलायचं, उत्तरेश्वरने सुंदर होऊन. ज्याचं भांडण त्याने तोंड उघडायचं नाही, फक्त मान हलवायची, उभी नाही तर आडवी. दुसऱ्याच्या पोटातलं नेमकं बोलल्याशिवाय ताटात भाकर पडत नसे. पुढे कालिंदी पुण्याला युद्धाचं शास्त्र शिकायला निघाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “लढाई शिकायला पुन्याला कावून जातीस? भावकीत ऱ्हा की.”

पुण्याहून ती दिल्लीला गेली आणि दिल्लीत तिचं नाव झालं ते एका अभ्यासामुळे. अधिकाऱ्यांचे दोन गट करून ती त्यांना दोन देश देई. दोन दिवस ते आपापल्या देशासाठी हिरीरीने भांडत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्च्या बदलायला लावी. काल ज्याला शत्रू म्हणत होतात त्याची बाजू आज त्याच्यापेक्षा चांगली मांडा, आणि तो समोर बसून फक्त मान हलवेल. भल्याभल्यांना तिथे घाम फुटे. एका ब्रिगेडियरने तिला वीस वर्षांनी पत्र लिहिलं होतं: सीमेवर एका पहाटे हुकूम द्यायच्या आधी मला तुमची खुर्ची आठवली आणि मी एक तास थांबलो, तो तास थांबलो म्हणून सोळा जण घरी गेले. हे पत्र तिने कुणाला दाखवलं नाही. ते तिच्या पर्समध्ये होतं, गावाने पिस्तूल ठेवलं होतं त्याच कप्प्यात.

“इमल, आता काय पोरं हाव का आमी?” सुंदरराव म्हणाले. पण त्यांनी ताट सोडलं नाही, म्हणजे ते बसणार होते.

सुरुवात त्यांनीच केली, जरा घुश्श्यातच. “मी उत्तरेश्वर. टँकर चार दिस आला न्हवता. म्या तहसीलला तीन खेपा घातल्या.”

उत्तरेश्वरने मान उभी हलवली.

“जनावरं हंबरायची बंद झालती.”

पुन्हा उभी.

अक्काला राहवलं नाही. सव्वीस वर्षांची सवय. “थोरल्या भावाला इचारलं का न्हाई?” तिने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर सुंदररावांकडे वीस दिवस तयार होतं. “मस्ती आलती म्हणून,” ते म्हणाले. उत्तरेश्वरची मान आडवी हलली. “दादा न्हाई म्हणंल ह्याचं भ्या व्हतं म्हणून.” ती पुन्हा आडवी हलली.

सुंदरराव थांबले. त्यांनी पहिल्यांदाच धाकट्याकडे नीट बघितलं. त्या दुपारी त्याने विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो? आदल्याच संध्याकाळी ते छावणीत गेले होते. खुंट्याजवळ बसलेली एक म्हैस उठत नव्हती आणि तिच्या तोंडावर माशा होत्या. विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच्या हाताने टँकरची किल्ली काढून दिली असती. मग दूध नासलं असतं, आणि ते कुणाच्या नावावर नासलं असतं?

“इचारलं असतं तर दादा हो म्हणला असता,” सुंदरराव सावकाश म्हणाले. “मंग एकतीस वर्सांवर पाणी फिरलं असतं ते दादाच्या नावानं. म्हणून न्हाई इचारलं.”

उत्तरेश्वर फरशीकडे बघत राहिला. त्याची मान हलेना.

“मान हलवा, भावजी,” विमलबाई म्हणाली.

त्याने हलवली, उभी, एकदाच.

मग त्याची पाळी आली. “मी सुंदरराव. तुळजाबाई लिटरभर दूध घिऊन रोज दीड कोस चालत येती. काटा बंद झाला त्या दिशी तिनं किटली माझ्यापुढं मोरीत पालथी केली अन् काय बोलली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.” सुंदररावांनी मान हलवली. उत्तरेश्वर पुढे म्हणाला, “दूध नासलं त्याचा एवढा राग न्हाई. पर माझी संस्था अडचणीत आली अन् मला कुणी हाक मारली न्हाई. भावानं मला म्हातारा ठरविलं.”

सुंदररावांनी मान हलवली आणि मग ती खाली घातली ती वर केलीच नाही. वीस दिवस ते शिस्त शिस्त म्हणत होते. पोटातला काटा हा होता, आणि तो त्यांनी स्वतःलाही सांगितला नव्हता.

विमलबाईने फडकं उचललं. एकाच ताटात दोन भाकरी टाकल्या, वर पिठलं घातलं आणि ताट दोघांच्या मधे सरकवलं. दोघं खाली बघत जेवू लागले. अक्काचे डोळे भरून आले. मुत्सद्द्यांच्या बैठका तिने बघितल्या होत्या, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं पदरात पडलेलं तिने कुठे बघितलं नव्हतं. ती रात्रभर प्रवास करून आली होती, पोटात कावळे ओरडत होते. तिने हसत टोपल्याकडे हात केला.

विमलबाईने फडकं पुन्हा झाकलं.

“तुमचं ऱ्हायलंय, वन्स,” ती म्हणाली. “माझं तुमच्याशी भांडण हाय. नऊ वर्सं झाली.”

भावांचे घास हातात राहिले. विमलबाई आणि भांडण! चाळीस वर्षांत या बाईचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. अक्का खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली. एवढं तिला कळलं की हे खुर्चीत बसून होणारं काम नाही.

“मी विमल,” ती म्हणाली. “वन्स आत्याबाईंच्या दुखण्यात आल्या न्हाईत. हागणंमुतणं म्या काढलं.”

विमलबाईने मान आडवी हलवली. नऊ वर्षं म्हटलं होतं तिने. आईला जाऊन तर बारा झाली होती. मोजमापात अशी चूक वर्गात कुणी केली असती तर अक्काने त्याला सोडलं नसतं.

“घर म्या वढलं अन् नाव वन्सचं झालं.”

मान पुन्हा आडवी, आणि या वेळी विमलबाईला थोडं हसूही आलं. वन्सचं नाव झालं याचा तिला आनंदच होता. सत्काराला नेसायची पैठणी तिने आठ दिवस आधी ऊन दाखवून ठेवली होती. अक्काने एवढं शत्रूंच्या पोटात शिरायला शिकवलं आणि आपल्या भावजयीच्या पोटातलं तिला सापडेना. तेवढ्यात संस्थेच्या कर्ण्यातून सभेची हाक आली. विमलबाईने उरलेल्या भाकरीतली एक फडक्यात बांधली, वर कांदा ठेवला आणि ती पुढे चालू लागली. अक्का उपाशीच निघाली.

सभा संकलन केंद्राच्या पत्र्याखाली होती. बाया एका बाजूला फॅटच्या मशीनजवळ बसल्या होत्या, पुरुष दुसऱ्या बाजूला. पुढच्या टेबलावर शाल, नारळ, आणि सुंदररावांनी घरून आणलेलं अक्काचं इंग्रजी पुस्तक. खुर्चीबदलाच्या त्या अभ्यासावरचं पुस्तक, नऊ वर्षांपूर्वी निघालेलं, प्लास्टिकचं वेष्टण घातलेलं.

नऊ वर्षांपूर्वी. अक्काने ते हळूच ओढून घेतलं.

पुढे सुंदरराव बोलायला उभे राहिले होते. ठराव मांडतो असं म्हणायच्या जागी ते म्हणाले की मी आज माझ्या भावाची बाजू मांडायला उभा आहे. लोकांना वाटलं उन्हाने काही तरी झालं. ते छावणीबद्दल बोलले, न उठणाऱ्या म्हशीबद्दल बोलले. किल्ली माझ्याकडे मागितली असती तर मी दिली असती, म्हणून ठरावात माझंही नाव घाला, असं म्हणून ते बसले. मग उत्तरेश्वर उठला आणि त्याने सभासदांची बाजू मांडली. तुमचं अकरा दिवसांचं दूध गेलं, तुमचा राग खरा आहे, मला काढा, पण मी परळीला जाणार नाही, इथेच कॅन उचलीन. सभेला काय करावं ते सुचेना. दोन गट दोन बाजूंनी तयारी करून आले होते आणि दोघांचे पुढारी एकमेकांच्या दावणीला जाऊन उभे राहिले होते. शेवटी तुळजाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “चेरमन ऱ्हाऊ द्या. टँकरची किल्ली तेवढी इमलबाईकडं ठिवा.” हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

अक्काला यातलं अर्धंच ऐकू आलं. तिने पुस्तकाचं आभाराचं पान उघडलं होतं. त्यावर दोन विद्यापीठं होती, तीन राजदूत, सेनाधिकारी, सहकारी, टंकलेखक, एकूण चौदा नावं. प्रत्येक नावावर पेन्सिलीची बारीक खूण होती. कुणी तरी कुणाला तरी एकेक नाव वाचून दाखवलं होतं आणि ऐकणाऱ्याने खूण केली होती. गावच्या शाळेचे गहिनीनाथ गुरुजी, दुसरं कोण इंग्रजी वाचणार? आणि सगळ्यात खाली, कोऱ्या जागेत, सही करण्यापुरतं लिहिता येणाऱ्या विमलबाईच्या हाताने, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: भिवराबाई.

कागदावर कुणाचं नाव नाही ते आधी बघा. सव्वीस वर्षं!

तिचं नाव पुकारलं गेलं. शाल पांघरून झाली, नारळ झाला. तिने माईक घेतला आणि आधी सांगितलं की ती मेजर नाही आणि जनरल तर नाहीच नाही. लोक हसले. मग तिने बायांच्या बाजूला, फॅटच्या मशीनशी बसलेल्या विमलबाईकडे तोंड केलं.

“मी विमल,” ती म्हणाली. “माझं वन्सशी भांडण हाय. दिल्लीत त्यांनी मोठमोठ्या सायबांना जे शिकविलं, ते आमच्या आत्याबाईंनी खडी फोडता फोडता शिकविलं व्हतं, भाकर झाकून. वन्सच्या पुस्तकात चौदा जणांचे आभार हायेत. आत्याबाईचं नाव न्हाई. वन्स इसरल्या.”

टेबलाशी सुंदररावांनी उपरण्याने तोंड पुसलं. विमलबाईने मान उभी हलवली. मग ती उठली, बायांमधून वाट काढत पुढे आली आणि फडकं सोडून तिने भाकर अक्काच्या हातावर ठेवली. भाकर सकाळची होती, उन्हाने वाळून कडक झालेली. अक्काने ती शालीसकट, नारळासमोर, सगळ्या सभेदेखत उभ्याने मोडली आणि खाल्ली. रडत होती आणि खात होती, आणि गाव आपल्या मिलिटरीतल्या बाईकडे बघत होतं.

घास गिळून झाल्यावर ती विमलबाईच्या कानाशी वाकली. पुस्तक पुन्हा छापायचं चाललं आहे, आईचं नाव पहिलं घालते, तिने सांगितलं. आणि तुझंही घालते.

विमलबाईने मान आडवी हलवली. ते तिचं भांडण नव्हतं. तिने फडक्यातला कांदा पुढे सरकवला आणि ती पाणी आणायला गेली.